सशाच्या खाद्यात प्रथिनांआधी तंतू बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ससा शेतीच्या पानावर आला की जोडधंदा असतो आणि शहराच्या पानावर आला की घरातले लेकरू. आहाराचा मुद्दा मात्र दोन्ही पानांवर ‘चांगल्या प्रतीचे पेलेट (खाद्य दाबून केलेल्या गोळ्या) द्यावेत’ एवढ्या एका वाक्यात संपतो. चांगल्या प्रतीचे म्हणजे कसे, पोत्यावर काय वाचायचे, दुकानदाराला काय विचारायचे, घरी काय तपासायचे, यातले काहीच त्या वाक्यात नसते. मग खाद्याच्या दुकानात गेलेला माणूस त्याला ठाऊक असलेला एकच प्रश्न विचारतो, ‘प्रोटीन किती?’ गाईसाठी, कोंबडीसाठी तो प्रश्न बरोबर आहे. सशासाठी तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न तंतूंचा, म्हणजे पोत्यावर ज्याला ‘क्रूड फायबर’ म्हणतात त्याचा. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

पशुखाद्याच्या पोत्यावरची पट्टी नीट वाचा. क्रूड प्रोटीनपुढे ‘किमान’ लिहिलेले असते आणि क्रूड फायबरपुढे ‘कमाल’. भारतीय मानक ब्युरोच्या गाईम्हशींच्या खाद्याच्या मानकातही (आयएस २०५२) तंतूंना वरची मर्यादा आहे. गाईच्या पुढ्यात कडबा, वैरण वेगळी पडतेच. वर खाद्यातही तूस-भुसकट कालवून कोणी वजन भरू नये, म्हणून ही मर्यादा. कोंबडीला तंतू पचतच नाहीत, त्यामुळे तिच्या खाद्यात ते ५-६ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. सशाचे गणित नेमके उलटे आहे. त्याला खालची मर्यादा हवी. सशाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पोत्यावर ‘क्रूड फायबर १२ टक्के (कमाल)’ छापलेले असेल, तर आत तंतू १२ असतील, ८ असतील किंवा ६ही असतील. छापणारा कशालाच बांधील नाही. अशी पट्टी दिसली की समजावे, गोळी पेंडीचाच (गाईम्हशींच्या गोळीखाद्याचाच) मजकूर उचलून सशाच्या पोत्यावर चिकटवला आहे.

मग आकडे कोणते हवेत? मांसासाठी वाढवायच्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना क्रूड प्रोटीन १६ ते १८ टक्के आणि क्रूड फायबर किमान १४, शक्यतो १६. घरात पाळलेल्या, वाढ पूर्ण झालेल्या सशाला प्रोटीन १२ ते १४ पुरते. तंतू किमान १८ हवेत, २०च्या वर असले तर अधिक चांगले. स्निग्धांश ३ टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम प्रौढ सशाला ०.५ ते १ टक्का, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. पाळीव सशासाठी १८ टक्के प्रोटीनची गोळी ‘जास्त ताकदीची’ म्हणून विकली जाते. ताकद वगैरे काही वाढत नाही, ससा लठ्ठ होतो आणि त्याचे ढुंगण घाणीने माखते. ते का, हे समजून घेतले तर बाकी सगळी निवड सोपी होते.

सशाचे अन्न जठरातून आणि लहान आतड्यातून पुढे गेले की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच त्याची वाटणी होते. साधारण ०.३ मिलिमीटरहून मोठे तंतू थेट पुढे ढकलले जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. त्याहून बारीक कण आणि रस मागे, आंधळ्या आतड्यात लोटले जातात. तिथे जिवाणू ते आंबवतात, त्याची मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी लेंडी तयार होते आणि ससा ती गुदद्वाराशी तोंड नेऊन लगेच खातो. त्यातून त्याला ब गटातली जीवनसत्त्वे आणि जिवाणूंनी बनवलेली प्रथिने मिळतात. ही घाणेरडी सवय नाही, त्याच्या पचनाचा अर्धा भाग आहे. मोठे तंतू न पचता पुढे जातात म्हणून ‘वाया गेले’ असे नव्हे. आतडे हलते ठेवण्याचे काम तेच करतात. ते कमी पडले की आतडे मंदावते. त्यातच खाद्यात मका जास्त असेल, तर लहान आतड्यात न पचलेले स्टार्च आंधळ्या आतड्यात पोचते, तिथला जिवाणूंचा तोल जातो, क्लॉस्ट्रिडियमसारखे विष सोडणारे जिवाणू माजतात. ५ ते ८ आठवड्यांच्या पिल्लांत होणारी हगवण आणि फुगलेल्या पोटाने होणारी मर बहुतेकदा इथून सुरू होते. दूध तुटल्यावर पिल्लू भरभर खाऊ लागते, पण स्टार्च पचवणारी त्याची यंत्रणा अजून कच्ची असते. ‘वातावरण बदलले म्हणून मेली’ असे म्हणण्याआधी पोत्यावरचा तंतूंचा आकडा पाहावा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. सशाचे खाद्य मिळाले नाही की अनेक ठिकाणी कोंबडीचे स्टार्टर (पिल्लांचे खाद्य) किंवा फिनिशर (विक्रीआधीचे खाद्य) हातात ठेवले जाते. ‘तेच आहे, प्रोटीन उलट जास्त आहे,’ असे सांगून. हे कृपा करून घेऊ नका. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस (परजीवींमुळे होणारा आतड्यांचा रोग) होऊ नये म्हणून सॅलिनोमायसिन, नरासिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन यांपैकी एखादे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते त्या मात्रेत चालते. सशाला त्याच मात्रेत विषबाधा होऊ शकते, आणि नरासिन व सॅलिनोमायसिन तर विशेष घातक. ही औषधे स्नायूंच्या पेशींतला क्षारांचा तोल बिघडवतात. ससा खाणे सोडतो, मागचे पाय लुळे पडतात, मान टाकतो, आडवा होतो, आणि एकाच खाद्यावरचे अनेक ससे दोन-चार दिवसांच्या अंतराने जातात. यावर उतारा नाही. अशा वेळी ‘कॅल्शियम कमी पडले’ किंवा ‘कानात जंतुसंसर्ग झाला’ असे समजून भलतेच उपचार होतात आणि तेच पोते चालू राहते. एका वेळी अनेक सशांचे पाय गेले तर पहिली कृती एकच: खाद्य तत्काळ बंद, फक्त वाळलेले गवत आणि पाणी.

कुक्कुटखाद्यातला दुसरा धोका प्रतिजैविकांचा. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे पोटातून दिली तर सशाच्या आंधळ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू फोफावतात आणि हगवणीने ससा जातो. खाद्यात लिंकोमायसिनचा अंश राहिल्यानेही सशांचे कळप बळी पडल्याच्या नोंदी पशुवैद्यकशास्त्रात आहेत. तिसरी बाब कॅल्शियमची. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, म्हणजे सशाच्या गरजेच्या चौपट किंवा त्याहूनही जास्त. इतर प्राणी गरजेपुरते कॅल्शियम शोषतात. ससा समोर येईल तेवढे बरेचसे शोषून घेतो आणि जादाचे लघवीतून टाकतो. त्याची लघवी पांढरट, दुधाळ दिसते ती यामुळे. थोडी दिसली तर घाबरायचे कारण नाही. खाली वाळूसारखा गाळ बसू लागला, लघवी करताना ससा कुंथू लागला, की मूत्राशयात खर साठल्याची ती खूण आहे.

हा झाला थेट कोंबडीचे खाद्य देण्याचा प्रश्न. पण पोत्यावर ‘ससा’ लिहिलेले असूनही हेच औषध आत जाऊ शकते. लहान कारखान्यांत सशाच्या खाद्याची मागणी अर्धा-एक टन असते. ब्रॉयलर खाद्याच्या दोन घाण्यांच्या (एका वेळी काढलेल्या मालाच्या) मध्ये तोच मिक्सर, तोच एलिव्हेटर, तेच पेलेट यंत्र वापरून ती उरकली जाते. आधीच्या घाण्याचा अंश यंत्राच्या कोपऱ्यांत बसलेला असतो आणि तो सशाच्या पहिल्या काही पोत्यांत उतरतो. म्हणून कारखानदाराला विचारावे: सशाचा माल काढण्याआधी यंत्र ‘फ्लश’ करता का? म्हणजे मिक्सरच्या क्षमतेच्या ५ ते १० टक्के इतका साधा भरडा मका किंवा कोंडा संपूर्ण यंत्रातून फिरवून बाजूला काढता का? त्याहून चांगला उपाय म्हणजे औषध नसलेल्या गोळी पेंडीच्या घाण्यानंतर सशाचा माल काढणे. आणि सशाच्या खाद्यात कॉक्सिडिओसिसवरचे औषध असेल तर त्याचे नाव विचारा. युरोपात सशांच्या खाद्यात रोबेनिडिन (किलोमागे ५० ते ६६ मिलिग्रॅम) किंवा डायक्लाझुरिल (१ मिलिग्रॅम) वापरतात. कत्तलीआधी रोबेनिडिन ५ दिवस आणि डायक्लाझुरिल १ दिवस बंद ठेवावे लागते. कारखानदाराला नाव सांगता येत नसेल तर ते पोते घेऊ नये.

गाईची गोळी पेंड कोंबडीच्या खाद्याइतकी घातक नाही, पण ससा तिच्यावर पोसता येत नाही. तिच्यात सरकी पेंड असते. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य गाईच्या पोटात बरेचसे निष्प्रभ होते, सशाच्या पोटात ती सोय नाही. काही पेंडीत युरिया असतो. युरिया समजून घ्या, कारण प्रोटीनचा आकडा फुगवायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे १०० किलो खाद्यात १ किलो युरिया टाकला की कागदावर प्रोटीन जवळजवळ २.९ टक्क्यांनी वाढते. रवंथ करणारी गाय त्याचे थोडेफार प्रथिन बनवते. सशाच्या शरीरात युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि तो बाहेर टाकण्याचे ओझे यकृत-मूत्रपिंडावर पडते. प्रयोगशाळेत नमुना देताना ‘युरियाही तपासा’ असे वेगळे लिहून द्यावे लागते.

कागदावर फुगवता येणारा दुसरा आकडा म्हणजे ज्याची आम्ही एवढी बाजू घेतो तो तंतूंचाच. भाताचे तूस बारीक दळून मिसळले की क्रूड फायबर सहज १८-२० दिसते. पण तुसात सिलिका भरपूर आणि पोषण जवळजवळ शून्य. म्हणून तंतूंच्या जोडीला ‘सँड सिलिका’ (राखेतला वाळूसारखा, न विरघळणारा भाग) हा आकडाही विचारावा. तो ३-४ टक्क्यांच्या पुढे असेल तर तूस किंवा माती आहे असे समजावे. तंतू लसूणघास, वाळलेले गवत, गव्हाचा कोंडा, बीट किंवा ओटचा चारा यांतून आलेले हवेत.

खाद्य योग्य आहे का हे घटकांवरून ताडण्यासाठी एक नमुना देतो. १०० किलोत वाळलेल्या लसूणघासाचा भरडा ३५ किलो, गव्हाचा कोंडा २७, वाळलेल्या गवताचा भरडा १०, मका १२, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) १०, ऊसमळी ४, मीठ अर्धा, डायकॅल्शियम फॉस्फेट अर्धा आणि सशांसाठीचे जीवनसत्त्व-खनिज मिश्रण १ किलो. लसूणघासात प्रोटीन साधारण १७ व तंतू २८ टक्के, कोंड्यात १५ व १०, सोया डीओसीत ४५ व ६, मक्यात ९ व अडीच, गवतात ५ व ३३ धरले, तर एकूण प्रोटीन १६ टक्क्यांच्या थोडे वर आणि तंतू साडेसोळा टक्क्यांच्या आसपास येतात. वाढीच्या पिल्लांना हे चालेल. आता या हिशेबाने बाजारातली पट्टी पाहा. घटकांत पहिले नाव मका, दुसरे डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा), तिसरे भुईमूग पेंड, आणि गवत किंवा लसूणघास कुठेच नाही, तरी तंतू १८ टक्के लिहिले असतील, तर ते १८ कुठून आले हे विचारायलाच हवे. कोंबडीचे जीवनसत्त्व-मिश्रण सशाच्या खाद्यात ढकलून चालत नाही, कारण त्यात ड जीवनसत्त्व जास्त असते आणि ते जादा झाले की सशाच्या मूत्रपिंडात व मोठ्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठते. घरी खाद्य करणारे बऱ्याचदा सुबाभळीचा पाला वापरतात. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे केस गळतात, वाढ खुंटते. खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे तो जाऊ देऊ नये. कच्चे सोयाबीन दळून घालू नये, भाजलेले किंवा डीओसी घ्यावे.

पोते उघडल्यावर करायच्या तपासण्या साध्या आहेत. गोळी ३ ते ४ मिलिमीटर जाड आणि ८ ते १० मिलिमीटर लांब असावी. फार जाड असेल तर पिल्लू तोडून निम्मी खाली पाडते. एक किलो माल रव्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली भुकटी ३० ग्रॅमच्या आत हवी. ५० ग्रॅमच्या पुढे गेली तर ते पोते परत करावे. ससा भुकटी खात नाही. ती भांड्यात साठते, पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि तिची धूळ नाकात गेल्याने शिंका, नाकातून पाणी सुरू होते. अनेकजण ती सर्दी समजून औषध देत राहतात. पुढे, मूठभर गोळ्या काचेच्या ग्लासात पाणी घालून पंधरा मिनिटे ठेवा आणि ढवळा. चांगली गोळी फुगून सुटी होते, गवताचे तुकडे डोळ्यांना दिसतात. तळाशी वाळू बसली किंवा वर तुसाची साय आली तर उत्तर मिळाले. गोळी पंधरा मिनिटांनीही दगडासारखी राहिली तर बाइंडर (गोळी घट्ट बांधणारा पदार्थ) जास्त आहे. वास वाळल्या गवताचा, किंचित गोडसर यायला हवा. कुबट किंवा खवट तेलाचा वास आला तर खाद्य जुने आहे. दळण किती बारीक हे बोटांनी चोळून कळते. मैद्यासारखे लागले तर तंतू कितीही असोत, ०.३ मिलिमीटरच्या खालचे कण पुन्हा आंधळ्या आतड्यातच जाणार. दळण्याच्या यंत्राची जाळी ३-४ मिलिमीटरची असावी, असे कारखानदाराला सांगता येते.

बुरशीचा मुद्दा डोळ्यांच्या भरवशावर सोडता येत नाही. अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचे विष मका आणि भुईमूग पेंडीतून येते. ते दिसत नाही, त्याला वास नाही, उन्हात वाळवून जात नाही आणि पेलेट यंत्राच्या ७०-८० अंशांच्या वाफेने नष्ट होत नाही. ससा या विषाला सर्वाधिक बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.३ मिलिग्रॅम पोटात गेले तर निम्मे ससे दगावतात. त्याहून कमी मात्रा रोज गेली तर यकृत खराब होते, भूक मरते, वजन घटते. आपल्याकडे गाईच्या खाद्यात याची मर्यादा २० पीपीबी (अब्ज भागांत २० भाग) आहे. युरोपात सशाच्या पूर्ण खाद्यासाठी ती १० पीपीबी आहे आणि तीच आपण धरावी. भुईमूग पेंडीऐवजी सोया डीओसी वापरणारा कारखाना मिळाला तर धोका बराच कमी होतो.

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात चांगले खाद्यही महिन्या-दीड महिन्यात बिघडते, कारण हवेतला ओलावा ते ओढून घेते आणि १३-१४ टक्क्यांच्या पुढे ओलावा गेला की बुरशी सुरू होते. पोती जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. उघडलेले पोते घट्ट झाकणाच्या पिंपात ओतावे, पण जुन्या मालावर नवा ओतू नये. तळाशी राहिलेल्या भुकटीतूनच बुरशी पसरते. हिशेब करून खरेदी करा: १० प्रौढ सशांना रोज १२० ग्रॅमप्रमाणे १ किलो २०० ग्रॅम लागते, म्हणजे ५० किलोचे पोते ४१ दिवस जाते. जुलैत हीच शेवटची मर्यादा. दोन पोती एकदम घेऊन जे पैसे वाचतात ते एका मेलेल्या मादीत जातात. कोरड्या हवेतही तयार केल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत खाद्य संपवावे, कारण अ आणि ई जीवनसत्त्वे उडून जातात. ज्या पोत्यावर तारीख नाही ते कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

प्रत्येक नव्या पोत्यातून पाव किलो माल पिशवीत बंद करून तारीख घालून ठेवावा आणि पोते संपून पंधरा दिवस होईपर्यंत फेकू नये. काही बिघडले तर तपासायला तेवढाच पुरावा उरतो. नमुना काढताना वरची मूठ घेऊ नका. पोत्याच्या वरून, मधून, तळातून घेऊन एकत्र करा आणि त्यातला अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या पशुपोषण विभागांत तपासणी कुठे, कशी करून घ्यावी याची विचारणा करता येते.

शहरातल्या पालकांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. दुकानात पारदर्शक पिशवीत रंगीत गोळ्या, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, सुकी फळे असे मिश्रण मिळते. ते दिसायला सुंदर असते आणि ससा त्यातले गोड तेवढे वेचून खातो, तंतूंच्या गोळ्या तशाच ठेवतो. एडिंबरा विद्यापीठात ३२ सशांना १७ महिने वेगवेगळे आहार देऊन पाहिले, तेव्हा असे मिश्रण खाणाऱ्या सशांचे वजन वाढले आणि दातांचे विकार झाले. गवतही त्यांनी कमी खाल्ले. सशाचे पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात, दाढाही वाढत राहतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा झिजतात. गोळी कुठलीही असो, ती दोन चाव्यांत मोडते. म्हणून उत्तमातली उत्तम गोळीसुद्धा गवताची जागा घेऊ शकत नाही. पाळीव सशाच्या ताटात पाऊण भागाहून अधिक वाळलेले गवत असायला हवे. आयात केलेले टिमोथी गवत परवडत नसेल तर मारवेल, पवन्या, हरळी किंवा ओटचा वाळवलेला चारा चालतो. हिरवा असताना कापून सावलीत वाळवलेला, पावसात न भिजलेला हवा. भाताचा पेंढा त्याची बरोबरी करत नाही. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला चांगला. प्रौढ पाळीव सशाला रोज दिला तर कॅल्शियम जास्त होते. ‘अल्फाल्फा’ लिहिलेली गोळी म्हणजे हाच लसूणघास, म्हणून सहा-सात महिन्यांनंतर ती हळूहळू थांबवून गवताच्या गोळीवर आणावे. गोळीचे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त २५ ग्रॅम. दीड किलोच्या सशाला दिवसाला ३५ ग्रॅम, दोन वेळांत विभागून. भांडे भरून ठेवायचे ते गवताचे.

फार्मवर मात्र प्रमाण वेगळे असते. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मन्नवनूर केंद्रात जोपासलेल्या व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिलासारख्या मोठ्या जातींच्या प्रौढ सशाला १०० ते १५० ग्रॅम, आणि पिल्लांसह मादीला पिल्ले वाढतील तसे २५० ते ४०० ग्रॅमपर्यंत लागते. बाहेरून ससे आणताना तिथले दहा दिवस पुरेल इतके खाद्य बरोबर आणावे. पहिले तीन दिवस पूर्ण जुने, मग पाव हिस्सा नवे, दोन-तीन दिवसांनी अर्धे, मग पाऊण, आणि दहाव्या दिवशी पूर्ण नवे. एकाच कारखान्याचा नवा घाणा आला तरी तो दोन-चार दिवस जुन्यात मिसळूनच द्यावा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी ससा खाणार नाही. मोठा हिस्सा संध्याकाळी द्यावा. आणि ससा खात नाही म्हणून खाद्य बदलण्याआधी पाण्याचा निपल बोटाने दाबून बघा. कोरड्या खाद्याच्या दुप्पट पाणी त्याला लागते. निपल तुंबला की गोळी खाणे त्याच दिवशी थांबते.

खाद्य मानवते आहे का हे लेंडी सांगते. मोठी, गोल, फिकट तपकिरी, मोडली तर आत गवत दिसणारी लेंडी असेल तर सगळे ठीक. ती लहान, काळी, वेडीवाकडी झाली तर तंतू किंवा पाणी कमी पडते आहे. मऊ लेंड्या न खाता पिंजऱ्यात पडून राहिल्या, ढुंगणाला चिकटल्या तर गोळी जास्त होते आहे. ती निम्म्यावर आणून गवत वाढवावे. उन्हाळ्या-पावसाळ्यात या घाणीवर माशी अंडी घालते, म्हणून रोज उलटे करून पाहावे. बारा तास एकही लेंडी पडली नाही आणि ससा खात नसेल तर सकाळची वाट पाहू नये. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे पोट फुगले की वेळ फार थोडा असतो. पशुवैद्याकडे जाताना पोत्यावरची पट्टी किंवा तिचा फोटो आणि राखून ठेवलेला नमुना बरोबर न्यावा, आणि घरातले माणसाचे अमॉक्सिसिलिन पाण्यात कालवून देऊ नये.

खाद्य कारखानदारांकडे आमची एक मागणी आहे, आणि ती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोचावी म्हणून हे सविस्तर लिहिले. सशाच्या पोत्यावर क्रूड फायबर ‘किमान’ म्हणून छापावे, सँड सिलिका ‘कमाल’ म्हणून छापावी, कॉक्सिडिओसिसवरचे औषध असल्यास त्याचे नाव व मात्रा आणि नसल्यास ‘औषधविरहित’ असे लिहावे, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावेत, आणि तयार केल्याची तारीख पुसट शिक्क्याने न मारता वाचता येईल अशी मारावी. या पाच ओळींना वेगळा खर्च येत नाही. ज्यांचे खाद्य खरोखर चांगले आहे त्यांनी त्या आजपासूनच छापायला सुरुवात करावी. ग्राहकांनीही पुढचे पोते घेताना ‘प्रोटीन किती’च्या आधी ‘फायबर कमीत कमी किती’ हे विचारावे, आणि उत्तर तोंडी न घेता बिलावर लिहून घ्यावे.

आपले विश्वासू,
सशांच्या आहार व आरोग्यावर काम करणारे पशुवैद्यक व पशुपोषण अभ्यासक,
सातारा